विमा कंपनी आपला मुकादम कसा निवडते?

प्रश्न : मी पाथर्डी तालुक्यातली. आम्ही नवरा-बायको सोळा वर्षं एका कोयत्यानं कारखान्यावर ऊसतोडीला जात होतो. थोरली मुलगी इंजिनीअर झाली, आता पुण्यात हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. ती सांगते, तिची कंपनी परदेशातल्या एका विमा कंपनीचं काम घेते. विमा त्यांचा, संगणकाचं सगळं काम हिच्या कंपनीचं. मी म्हटलं, म्हणजे तुमची कंपनी मुकादम आणि तू टोळीत. ती हसली, पण नाही म्हणाली नाही. मला विचारायचंय, विमा कंपनी हे काम स्वतःच का करत नाही? पाच-सात मुकादम दारात आले तर त्यातला चांगला कोणता हे ती कसं ओळखते? आणि आमच्या घरात एलआयसीच्या दोन पॉलिस्या आहेत, त्यांचंही काम असंच कुठं दिलेलं असतं का?

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचल्यावर या विषयावरची जाड पुस्तकं बाजूला ठेवावीशी वाटली. ज्याला संगणकाच्या धंद्यात आउटसोर्सिंग म्हणतात, ते तुम्ही सोळा हंगाम जगला आहात. म्हणून उत्तरही तुमच्या फडातूनच सुरू करतो.

कारखाना तोडणी आणि वाहतूक बाहेर देतो. पण सगळंच देत नाही. कोणाच्या उसाची नोंद कधीची, कोणता फड आधी तोडायचा, हे शेतकी विभाग ठरवतो. फडावर नोंद ठेवणारा चिटबॉय कारखान्याचा असतो. वजनकाटा कारखान्याचा असतो, साखरेचा उतारा काढणारी प्रयोगशाळाही त्याचीच असते. घाम गाळायचं काम बाहेर गेलं तरी मोजण्याचं आणि ठरवण्याचं काम घरात राहतं. विमा कंपनीनं काय बाहेर द्यावं आणि काय देऊ नये, याची रेघही साधारण इथेच आहे.

विमा कंपनी स्वतःच का करत नाही, याचं कारण विम्याच्या आयुष्यात आहे. किराणा दुकानाचं बिल त्याच दिवशी संपतं. पंचवीस वर्षांची पॉलिसी 1990 साली घेतली असेल तर ती 2015 पर्यंत जिवंत. त्या काळात हप्ता चुकतो, पॉलिसी बंद पडते, दंड भरून परत सुरू होते, तिच्यावर कर्ज काढलं जातं, वारस बदलतो, दरवर्षी बोनस चढतो. प्रत्येक योजनेचे नियम निराळे, आणि विकायची बंद झालेली योजनाही शेवटचा विमेदार जिवंत असेपर्यंत सांभाळावी लागते. हे सगळे नियम संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असतात. जगातल्या मोठ्या विमा कंपन्यांत यातले कितीतरी प्रोग्रॅम अजून कोबोल नावाच्या जुन्या भाषेत आहेत आणि लिहिणारी माणसं केव्हाच निवृत्त झाली आहेत. त्यावर आता मोबाईल अॅप हवं, आपल्याकडे यूपीआय हवं, आधारची जोडणी हवी. ज्यांचा धंदा जोखीम तोलण्याचा, त्यांना इतकी संगणकाची माणसं कायमची पोसणं जड जातं.

आपल्या एलआयसीचीच गोष्ट घ्या. 1956 मध्ये 245 विमा संस्था एकत्र करून ती उभी राहिली. 1960च्या दशकात तिनं कोलकात्यात संगणक आणायचं ठरवलं तेव्हा नोकऱ्या जातील या भीतीनं कर्मचाऱ्यांनी मोठं आंदोलन केलं होतं. पुढे संगणक आलाच, आणि सप्टेंबर 2024 मध्ये एलआयसीचं नवं डिजिटल व्यासपीठ उभारण्याचं काम इन्फोसिसला दिल्याचं जाहीर झालं. ‘डाइव्ह’ हे त्या प्रकल्पाचं छोटं नाव. तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : होय, तुमच्या दोन पॉलिस्यांची पुढची व्यवस्था उभारण्यातही बाहेरच्या कंपनीचा हात आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. का नाही, ते पुढे सांगतो.

आता निवड. या बाजारात ‘आम्ही विम्याचं काम करतो’ म्हणणारे सगळे एका जातीचे नसतात, आणि तुलना इथेच पहिल्यांदा चुकते. टीसीएस ही सगळा फडच अंगावर घेणारी कंपनी. तिची डिलिजेन्टा नावाची कंपनी इंग्लंडात पीटरबरोला आहे. पर्ल समूहाच्या, नव्यानं विकणं थांबलेल्या जुन्या आयुर्विमा पॉलिस्या सांभाळण्याच्या कामातून 2006च्या सुमारास ती उभी राहिली. विमा कंपनीची माणसंसुद्धा तिकडे बदली होऊन जातात. आपल्या मुंबईत 1982 मध्ये सुरू झालेल्या मास्टेकमधून मॅजेस्को निघाली, ती मुख्यतः विमा कंपन्यांसाठी तयार सॉफ्टवेअर बनवून विकणारी. 2020 मध्ये ती थोमा ब्राव्हो या अमेरिकी गुंतवणूक संस्थेनं विकत घेतली. कॉग्निझंटनं 2014 मध्ये ट्रायझेटो घेऊन आरोग्यविम्यात पाय रोवले. इन्फोसिसकडे 2009 पासून अटलांटाची मॅककॅमिश आहे, तिचं काम आयुर्विमा आणि निवृत्तिवेतन योजनांचं. एक बैलगाडीवाला, एक ट्रॅक्टरवाला, एक हार्वेस्टरवाला आणि एक नुसतीच माणसं पुरवणारा, अशा चौघांचे टनाचे दर एका कागदावर लिहून सर्वांत कमीवर बोट ठेवलं तर फसगत ठरलेली. आधी आपला फड कसला ते ठरवायचं.

मग दर. इथेही तुमचेच तीन शब्द चालतात : रोजानं, उक्तं आणि टनावर. रोजानं म्हणजे जितकी माणसं जितके तास बसतील तितके पैसे. यात काम लांबलं तर मुकादमाचा फायदा. उक्तं म्हणजे अमुक काम अमुक रकमेत. यात मुकादम आधीच धोक्याची रक्कम दरात घालतो, आणि मधेच ‘एवढं अजून करा’ म्हटलं की नव्या पैशांचा कागद पुढे येतो. टनावर म्हणजे दर पॉलिसीमागे दरवर्षी ठरावीक रक्कम. हा प्रकार मला सर्वांत सरळ वाटतो, पण त्यातही एक गाठ आहे. जुन्या पॉलिस्या दरवर्षी मुदत संपून कमी होतात, म्हणजे मुकादमाचं टनेज घटत जातं. त्याला दुसऱ्या कारखान्यांचा ऊस मिळाला तरच तो टिकतो. म्हणून अशा करारात शहाणी विमा कंपनी समोरच्याला विचारते, आमच्याशिवाय तुमच्याकडे अजून कोणाचं काम आहे, आणि पाच वर्षांनी आमचं टनेज निम्मं झालं तर तुमचं कसं भागेल?

दरानंतर माणसं. काम मिळवताना कंपनीची सगळ्यात हुशार मंडळी समोर येऊन बोलतात. करार झाला की ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातात आणि प्रत्यक्ष कामाला दुसरीच टोळी येते. म्हणून तुलना करायची ती या दुसऱ्या टोळीची. त्यांच्यातले किती जण विम्याचं काम आधी केलेले आहेत, वर्षाला किती सोडून जातात, जाणारा माणूस येणाऱ्याला शिकवून जातो का, हे विचारायचं. तुमची मुलगी त्या शिकवण्याला ‘केटी’ म्हणत असेल. संगमनेरचं अमृतवाहिनी, कोपरगावचं संजीवनी, लोणीचं प्रवरा, नगरजवळ विळद घाटातलं महाविद्यालय, इथून दरवर्षी मुलंमुली पुण्याला जातात आणि पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यातल्या कित्येकांच्या हातात याच केटीची वही पडते. पाच वर्षं एकाच विमा कंपनीचे नियम सांभाळलेली मुलगी त्या विमा कंपनीच्या साहेबांपेक्षाही त्यांच्या जुन्या योजना जास्त ओळखते. परदेशातला साहेब आणि इथला मॅनेजर या दोघांनीही तिच्याकडे एक ‘रिसोर्स’ म्हणून बघणं थांबवलं पाहिजे. टोळीत नवरा-बायकोची जोडी नुसता एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाणं काय असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यापुढची कसोटी मला सगळ्यात मोठी वाटते : जुन्या यंत्रातली माहिती नव्या यंत्रात नेणं. विम्यात सर्वांत जास्त घात इथे होतात. समजा, तुमच्या पिढीच्या लोकांची नोंद नव्या संगणकात चालली आहे. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी हजारो मुलांची जन्मतारीख 1 जून लिहिली. पुण्यात किंवा इंग्लंडात बसून नियम लिहिणाऱ्याला एकाच गावातले चारशे लोक 1 जूनला जन्मलेले दिसले की तो म्हणणार, ही माहिती खोटी किंवा दुबार. पॉलिसीवर नाव ‘बापू’, आधारवर ‘बापूसाहेब’. वारस म्हणून लिहिलेली बायको ‘शांताबाई’, तिच्या बँकेच्या पासबुकावर ‘कांताबाई’. यातली एकेक गोष्ट म्हणजे एखाद्या घराचा अडकलेला दावा. ज्या कंपनीला असल्या नोंदी ठाऊक आहेत आणि जी ‘आधी तुमच्या सगळ्यात अडचणीच्या दोन हजार पॉलिस्या द्या, त्या नेऊन दाखवतो’ म्हणते, तिचे गुण मी वरचे धरीन. जी फक्त स्वच्छ नमुन्यांवर सुंदर पडदे दाखवते, तिचे खालचे.

ही भीती पोकळ नाही. इंग्लंडच्या टीएसबी बँकेनं एप्रिल 2018 मध्ये आपल्या 52 लाख ग्राहकांची माहिती एका शनिवार-रविवारात नव्या यंत्रावर नेली. सोमवारी लोकांना आपलीच खाती उघडेनात. सुमारे 19 लाख ग्राहकांना कधी ना कधी याचा फटका बसला. काम साबिस नावाच्या, त्याच समूहातल्या कंपनीकडे होतं. साबिसनं पुढे 85 पुरवठादारांकडून ते करवून घेतलं होतं, म्हणजे मुकादमाखाली मुकादम. डिसेंबर 2022 मध्ये नियामकांनी दंड केला तो बँकेला, 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंडांचा. 2023 मध्ये बँकेच्या तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही वैयक्तिक 81,620 पौंडांचा दंड झाला, कारण बाहेर दिलेल्या कामावर त्यांनी नीट देखरेख ठेवली नाही. बँक आणि विमा हे धंदे निराळे, पण दुसऱ्याला दिलेल्या कामाचा हिशेब कोणाकडे मागायचा, हे या प्रकरणानं स्वच्छ दाखवलं.

आता काट्याकडे येऊ. काटा मारणं म्हणजे वजनात खोट करणं, हे नगर जिल्ह्यात शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. संगणकाच्या करारातही काटा असतो. ‘आमचं यंत्र महिन्यात 99.5 टक्के वेळ चालू राहील’ असं लिहिलेलं असतं. ऐकायला भक्कम. पण तीस दिवसांचे 720 तास धरले तर अर्धा टक्का म्हणजे 3 तास 36 मिनिटं यंत्र बंद राहिलं तरी करार पाळलाच. ते तास रविवारी पहाटे तीनला गेले तर कुणाला कळणारही नाही. 31 मार्चच्या संध्याकाळी गेले, तर प्राप्तिकराची सूट मिळावी म्हणून हप्ता भरायला बसलेले हजारो लोक अडकतील. आपल्याकडे याचा अनुभव पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी येतो. 2023च्या खरिपात राज्यानं एक रुपयात पीकविमा दिला, तेव्हा सुमारे 1 कोटी 70 लाख अर्ज आले आणि 31 जुलैची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. सेवा केंद्राबाहेर रांगेत उभ्या शेतकऱ्याला महिन्याची सरासरी काय कामाची? म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना टक्क्यांपाशी थांबू नये. गर्दीच्या दिवशी काय होतं, मोजतो कोण, आणि मोजणाऱ्याचा पगार कोण देतो, हे पाहावं. काम करणाऱ्यानंच काटा धरायचा आणि त्यानंच पावती फाडायची, असे करार मी चुकीचे मानतो.

वाईट दिवसाची आणखी एक जात आहे, चोरीची. नोव्हेंबर 2023 मध्ये मॅककॅमिशच्या संगणकांत खंडणीखोर घुसले. पुढे जवळपास 65 लाख लोकांची माहिती त्यात सापडल्याचं निष्पन्न झालं. मॅककॅमिशचं गिऱ्हाईक असलेल्या बँक ऑफ अमेरिकानं आपल्या 57 हजार ग्राहकांना पत्रं पाठवली. त्यातल्या बहुतेकांनी मॅककॅमिश हे नाव आयुष्यात ऐकलं नसेल. 2025 मध्ये इन्फोसिसनं त्यावरचे खटले मिटवण्यासाठी 1 कोटी 75 लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. ही गोष्ट इन्फोसिसला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. इतक्या मोठ्या, अनुभवी नावाच्या घरीही असं घडतं, म्हणून मोठं नाव हे उत्तर पुरेसं नाही, एवढंच मला म्हणायचंय. मला एखाद्या कंपनीला विचारायचं असतं, तर ‘तुमच्याकडे चोरी झाली का’ यापेक्षा ‘झाली तेव्हा किती दिवसांनी गिऱ्हाइकाला कळवलंत, आणि यंत्र परत किती दिवसांत उभं केलंत’ हे विचारलं असतं.

आणि शेवटी सुटका. उचल देताना मुकादम पळून गेला तर काय, हा विचार कारखाना करतो, तारण घेतो. हंगामाच्या मधे टोळी बदलायची वेळ आली तर काय, हा विचार विमा कंपन्या पुष्कळदा करत नाहीत. जानेवारी 2018 मध्ये अमेरिकेच्या ट्रान्सअमेरिका या विमा कंपनीनं एक कोटीहून अधिक पॉलिस्यांचं काम टीसीएसला दिलं. दहा वर्षं, दोन अब्ज डॉलरांहून अधिक, आणि ट्रान्सअमेरिकाचे सुमारे 2,200 कर्मचारी टीसीएसकडे जाणार. जून 2023 मध्ये दोघांनी तो करार संपवायचं ठरवलं, आणि काम परत घ्यायलाच सुमारे अडीच वर्षं धरावी लागली. त्याच महिन्यात उलट गोष्टही घडली. इंग्लंडची नेस्ट नावाची सरकारी निवृत्तिवेतन योजना सुरुवातीपासून टीसीएसकडे होती. 2021 मध्ये ती अठरा वर्षांसाठी आटोस या फ्रेंच कंपनीला दिली गेली, तो करार मोडला, आणि काम पुन्हा टीसीएसकडे आलं, पहिल्या दहा वर्षांसाठी 84 कोटी पौंडांना. एकाच कंपनीबद्दल एकाच वेळी दोन गिऱ्हाइकांचा निवाडा निराळा. म्हणून ‘टीसीएस चांगली की इन्फोसिस की कॉग्निझंट’ या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस भेटला तर त्याचं ऐकू नये. आपल्या फडाला कोण, आणि तो निघून जाताना आपले नियम, आपली माहिती आपल्या हातात ठेवून जाईल का, हा प्रश्न खरा. माझ्या मते करारातलं हे कलम सर्वांत आधी लिहावं, दर नंतर.

ताई, आता तुमच्या पॉलिस्यांकडे. ऊसतोडीत सगळ्यात मोठा अन्याय कोणता, तर टोळीत कुणाला अपघात झाला की कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो, माझ्याकडे काय आहे? दोघांच्या मधे माणूस पडून राहतो. विम्यात ही पळवाट कायद्यानं बंद केलेली आहे. विमा नियामकाच्या 2017च्या नियमांनी दावा मंजूर करायचा की नाही हा निर्णय, विमा द्यायचा की नाही हा निर्णय, योजना आखणं, पैसे गुंतवणं आणि विमेदाराच्या तक्रारीचं निवारण, ही कामं बाहेर द्यायला मनाई केली होती. 2024 मध्ये नवे नियम आले. विमा कंपनीची जबाबदारी करारानं दुसऱ्यावर ढकलता येत नाही, हे तत्त्व त्यातही कायम आहे. 2023चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही तेच म्हणतो : माहिती ज्याच्यासाठी गोळा झाली तो मालक जबाबदार, मग ती हाताळणारा कोणीही असो. सुरक्षा राखण्यात कसूर झाली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

म्हणून कधी दावा अडकला आणि शाखेत कुणी ‘ताई, ते सॉफ्टवेअरवाल्यांचं आहे, आमच्या हातात नाही’ असं म्हणालं, तर ते ऐकून परत फिरू नका. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. कंपनीनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आणि दोन्ही पॉलिस्यांवरची नावं, जन्मतारखा, वारसाचं नाव आधारशी आणि पासबुकाशी जुळतं का, हे या दिवाळीत मुलगी घरी आली की तिच्याकडून तपासून घ्या. हे काम तिच्याइतकं चांगलं कुणाला जमणार?

प्रश्न : संगमनेर तालुक्यातल्या एका नागरी पतसंस्थेचा मी संचालक आहे. सभासदांच्या गट विम्याचे हप्तेही आमच्याच सॉफ्टवेअरमधून कापले जातात. ते सॉफ्टवेअर बदलायचं आहे, तीन कोटेशनं आली आहेत. सर्वांत स्वस्त घ्यावं असा मंडळाचा कल आहे. काय करावं?

उत्तर : कमी दर पाप नाही, पण 31 जुलै 2024 हा दिवस आठवा. सहकारी आणि ग्रामीण बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. ही कंपनी स्टेट बँक आणि टीसीएस यांनी मिळून काढलेली, म्हणजे नावं लहान नव्हेत. खबरदारी म्हणून देशाच्या पेमेंट जाळ्यातून तिला तोडलं गेलं आणि सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. त्या बँकांनी स्वतः काहीच चूक केली नव्हती.

तेव्हा तिघांनाही समोर बसवून आधी विचारा की तुमचं यंत्र दोन दिवस बंद पडलं तर काउंटरवरचा आमचा कारकून काय करील? कागदी नोंद कशी ठेवायची, ती परत कशी चढवायची, याचं उत्तर ज्याच्याकडे तयार आहे त्याला एक गुण. मग आपल्या संस्थेतली सगळ्यात गुंतागुंतीची वीस खाती निवडा : मयत सभासद, दोन वारसांचा वाद, हप्ता चुकून परत सुरू झालेला विमा, अर्धवट फेडलेलं सोनेतारण. ती तिघांच्याही नव्या यंत्रात चढवायला सांगा आणि शेवटची शिल्लक पैशापर्यंत जुळते का पाहा. नवं आणि जुनं यंत्र निदान एक महिना शेजारी शेजारी चालवा, आणि तो महिना मार्चचा नको.

करारात एक ओळ आग्रहानं घाला : करार संपला किंवा मोडला तर संस्थेची सगळी माहिती, दुसऱ्या कंपनीला वाचता येईल अशा रूपात, अमुक दिवसांत, जादा पैसे न घेता परत द्यायची. या ओळीवर जो आढेवेढे घेईल त्याचं कोटेशन तिथेच बाजूला ठेवा, मग ते कितीही स्वस्त असो. हप्ता कापल्यापासून विमा कंपनीकडे पोचेपर्यंतचा हिशेब रोज छापून निघाला पाहिजे, हेही पाहा. सभासदाचा हप्ता कापला गेला, पण पुढे पोचलाच नाही आणि मधेच तो माणूस गेला, तर त्याच्या घरचे लोक सॉफ्टवेअर कंपनीच्या दारात जाणार नाहीत, तुमच्या दारात येतील.

आणि तिघांकडूनही दोन-दोन नावं मागून घ्या. त्यांच्याकडे आज असलेल्या संस्थांची नावं ते आनंदानं देतील. तुम्ही त्यांना सोडून गेलेल्या संस्थांची मागा. त्यातली एखादी श्रीरामपूर, राहाता किंवा नेवाशाकडची निघाली, तर फोनवर भागवू नका, एक दिवस काढून तिथल्या व्यवस्थापकासमोर जाऊन बसा आणि शेवटचे तीन महिने कसे गेले ते विचारा.